चौदा बाद, तेरा धावा : लॉस एंजेलिस डॉजर्सचा ऑक्टोबर २०२३

११ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री दिल्लीत रोहित शर्माने अफगाणिस्तानच्या गोलंदाजीवर १३१ धावा केल्या आणि आपल्याकडचे लोक समाधानाने झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास मी चहाचा कप घेऊन बेसबॉल लावलं. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात तेव्हा ११ तारखेची संध्याकाळच सुरू होती. चेस फील्डवर तिसऱ्या डावात लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, लान्स लिन याला एकाच डावात चार होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, बसले. ॲरिझोना डायमंडबॅक्सचे पेर्दोमो, मार्ते, वॉकर, मोरेनो. मोरेनोने मारलेला एक चेंडू आधी होम रन ठरवला गेला, मग फेरतपासणीत तो रेषेबाहेरचा निघाला. लगेच पुढच्या चेंडूवर त्याने खरोखरचा होम रन मारला. प्लेऑफच्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, इतिहासात एका डावात चार होम रन खाणारा लिन हा पहिलाच पिचर.

सामना ४-२ असा संपला, मालिका ३-० अशी. डायमंडबॅक्सचे खेळाडू मैदानाच्या कडेला असलेल्या पोहण्याच्या तलावात उड्या मारत होते. नियमित हंगामात १०० सामने जिंकलेला डॉजर्सचा संघ, ८४ सामने जिंकलेल्या संघाकडून एकही सामना न जिंकता घरी गेला.

या प्रकरणात मला रस आहे तो त्यानंतरच्या हिवाळ्यासाठी. असा पराभव झाल्यावर क्लबपुढे जो प्रश्न उभा राहतो, तो आपल्यालाही पाचच आठवड्यांनी, १९ नोव्हेंबरला अहमदाबादमध्ये भेटला. सलग दहा सामने जिंकायचे आणि अंतिम सामना हरायचा. हे नशीब होतं की संघात कुठे भोक होतं? नशीब म्हणून सोडून दिलं तर भोक तसंच राहतं. भोक समजून सगळंच उसवलं तर चांगला संघ हातचा जातो. डॉजर्सवर ही वेळ लागोपाठ दोनदा आली, आणि दोन्ही वेळा त्यांनी वेगळं उत्तर दिलं. म्हणून हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे.

आधीच्या वर्षाचं उत्तर

२०२२ मध्ये डॉजर्सनी १६२ पैकी १११ सामने जिंकले होते. क्लबच्या इतिहासातली ती सर्वोत्तम कामगिरी. प्लेऑफमध्ये समोर आला सॅन दिएगो पाद्रेस, जो त्यांच्याच गटात २२ विजयांनी मागे होता आणि ज्याला त्यांनी हंगामात १९ पैकी १४ वेळा हरवलं होतं. पाच सामन्यांची मालिका पाद्रेसनी ३-१ अशी जिंकली. चौथ्या सामन्यात डॉजर्स ३-० असे पुढे होते, टायलर अँडरसनने पाच डाव एकही धाव दिली नव्हती, आणि सातव्या डावात पाच धावा गेल्या.

त्या मालिकेत दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर माणूस उभा असताना, म्हणजे धाव जवळ असताना, डॉजर्सचे फलंदाज ३४ वेळा फलंदाजीला आले आणि फक्त ५ हिट, म्हणजे यशस्वी फटके, मिळाले. इतका चांगला फलंदाजांचा ताफा अशा वेळी ३४ मध्ये ५ हिट मारतो, तेव्हा त्याला योगायोग म्हणणं चुकीचं नाही. म्हणून क्लबने शांत राहायचं ठरवलं. व्यवस्थापक (क्रिकेटच्या भाषेत मुख्य प्रशिक्षक) डेव्ह रॉबर्ट्स कायम राहिले. ट्रे टर्नर फिलाडेल्फियाला गेला, अँडरसन एंजल्सकडे गेला. पिचरांमध्ये मोठी भर पडली नाही. नोआ सिंडरगार्डला एका वर्षासाठी १.३ कोटी डॉलर देऊन आणलं, पण त्याची जुनी धार परतली नाही आणि जुलैत त्याला क्लीव्हलँडला पाठवावं लागलं.

अँडरसनला ठेवलं असतं तर सगळं सुटलं असतं, असं मी म्हणणार नाही. एंजल्सकडे त्याचाही २०२३ चा हंगाम वाईटच गेला. माझा आक्षेप वेगळा आहे. २०२२ च्या पराभवातला नशिबाचा भाग क्लबने बरोबर ओळखला, पण त्या निदानाच्या आड दुसरी गोष्ट दडली. पिचर वॉकर ब्यूलरच्या कोपरावर ऑगस्ट २०२२ मध्ये दुसऱ्यांदा टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती. पुढचं जवळजवळ पूर्ण वर्ष तो नसणार, हे माहीत होतं. अनुभवी पिचर क्लेटन कर्शॉ पस्तिशीकडे झुकला होता. तेव्हा फलंदाजी का थिजली यावर बोलणं झालं, पण पुढच्या ऑक्टोबरात पहिला चेंडू कोण टाकणार हा प्रश्न मागे पडला.

पिचर एकेक करून गळत गेले

बेसबॉल फारसं न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. सामना नऊ डावांचा असतो आणि प्रत्येक संघाचा डाव तीन बाद झाले की संपतो. नियमित हंगामात जवळजवळ रोज सामना असतो, म्हणून सुरुवात करणारे पाच पिचर पाळीपाळीने येतात. त्यांना स्टार्टर म्हणतात. चांगला स्टार्टर पाच-सहा डाव टाकतो आणि उरलेले डाव बुलपेनमधले, म्हणजे राखीव पिचर वाटून घेतात. १६२ सामन्यांत पाचवा, सहावा, अगदी आठवा स्टार्टरही कामाचा असतो, कारण कोणी ना कोणी दुखापतीने बसलेलं असतंच. स्टार्टरांच्या या संख्याबळात डॉजर्स सगळ्यांच्या पुढे होते. ऑक्टोबरात मात्र मधे विश्रांतीचे दिवस असतात आणि प्रतिस्पर्धी आपले सर्वोत्तम तीनच जण पुन्हा पुन्हा उतरवतो. तिथे आठवा स्टार्टर असून काही उपयोग नाही. पहिले तीन किती चांगले आहेत, एवढंच मोजलं जातं.

२०२३ मध्ये पहिले तीन उरलेच नाहीत. डस्टिन मेच्या कोपराची शस्त्रक्रिया जुलैत झाली. टोनी गोन्सोलिन सप्टेंबरमध्ये टॉमी जॉनसाठी गेला. ब्यूलर परतण्याची धडपड करत होता, पण त्या वर्षी तो आलाच नाही. हुलिओ उरियासला सप्टेंबरच्या सुरुवातीला घरगुती हिंसाचाराच्या आरोपाखाली अटक झाली आणि लीगने त्याला रजेवर पाठवलं. (ज्या टॉमी जॉनचं नाव या शस्त्रक्रियेला आहे तो डॉजर्सचाच पिचर. १९७४ मध्ये त्याच्यावर ती पहिल्यांदा झाली. या क्लबचं आणि कोपरांचं नातं इतकं जुनं आहे.)

जुलैअखेरच्या खरेदीच्या मुदतीत क्लबने प्रयत्न केला नाही असं नाही. डेट्रॉइटच्या एदुआर्दो रॉड्रिगेझचा सौदा ठरत आला होता, पण त्याच्या करारात काही संघांना नकार देण्याचा हक्क होता आणि त्याने तो वापरला. मग उरला शिकागो व्हाइट सॉक्सकडून आणलेला लिन. त्या हंगामात लिनने ४४ होम रन दिले, संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक. अशा पिचरला ऑक्टोबरच्या तिसऱ्या सामन्यात उतरवायची पाळी आली, तेव्हा दोष लिनचा नव्हता. तो जसा होता तसाच खेळला.

तीन सामने

पहिल्या सामन्याच्या आठवणीने आजही पोटात कालवतं. कर्शॉ. सर्वोत्तम पिचरचे तीन साय यंग पुरस्कार, २०१४ चा सर्वोत्तम खेळाडू, २००८ पासून एकाच क्लबसाठी खेळलेला माणूस. त्या वर्षी खांदा दुखत असतानाही त्याने १३ सामने जिंकले होते. ७ ऑक्टोबरला डॉजर स्टेडियमवर पहिल्या पाच फलंदाजांपैकी एकालाही तो बाद करू शकला नाही. एकही जण बाद व्हायच्या आत ५-०. मग एक बाद, पुन्हा एक धाव, आणि रॉबर्ट्स मैदानात आले. एक बाद, सहा धावा. डगआउटमध्ये बसलेल्या कर्शॉचा चेहरा कॅमेरा पुन्हा पुन्हा दाखवत होता. तो दाखवायला नको होता, असं मला तेव्हाही वाटलं. महिन्याभरात त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली.

दुसऱ्या सामन्यात नवखा बॉबी मिलर : पाच बाद, तीन धावा. तिसऱ्यात लिन : आठ बाद, चार धावा. तीन स्टार्टर मिळून चौदा बाद आणि तेरा धावा. समोरचे मेरिल केली, झॅक गॅलन आणि ब्रँडन फाट यांनी मिळून ४८ बाद केले आणि फक्त दोन धावा दिल्या. त्यातल्या केलीने त्याआधी डॉजर्सला कारकिर्दीत एकदाही हरवलं नव्हतं. ११ पराभव, शून्य विजय. त्या रात्री त्याने सहा डावांहून अधिक टाकले आणि एक धावही दिली नाही.

फलंदाजांची बाजूही झाकता येत नाही. मूकी बेट्सने हंगामात ३९ होम रन मारले होते, फ्रेडी फ्रीमनने ५९ डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके. या मालिकेत दोघांना मिळून २१ प्रयत्नांत एक हिट मिळाला. संपूर्ण संघाच्या धावा दर सामन्याला दोन. ज्या संघाने वर्षभरात ९०६ धावा केल्या, त्याच्या तीन सामन्यांत सहा. इतक्या धावांत चांगले पिचर असूनही हरलो असतो, असं कोणी म्हटलं तर ते खरंच आहे. पण तीनही सामन्यांत पहिले तीन डाव संपायच्या आत संघ तीन किंवा अधिक धावांनी मागे पडला होता. मागे पडलेला फलंदाज एका फटक्यात सगळं भरून काढायला जातो. ते आपण क्रिकेटमध्ये शंभरदा पाहिलं आहे. आकड्यांनी हे सिद्ध करता येणार नाही, पण त्या सामन्यांतले बॅटचे झोके पाहून माझं मत पक्कं झालं.

पद्धतीला दोष देणं सोपं होतं

त्या ऑक्टोबरात एक जोरदार युक्तिवाद सुरू झाला, आणि त्याला आधारही होता. २०२३ मध्ये तीन संघांनी शंभर किंवा अधिक सामने जिंकले होते : अटलांटा १०४, बाल्टिमोर १०१, डॉजर्स १००. तिघेही पहिल्याच मालिकेत हरले. तिघांनी मिळून त्या मालिकांत एकच सामना जिंकला, तोही अटलांटाने. २०२२ पासून प्लेऑफमध्ये बारा संघ आले आणि वरच्या चार संघांना पहिली फेरी न खेळता पुढे चाल मिळू लागली. पाच दिवस बसून राहिल्याने फलंदाजांची लय जाते, असं अनेकांचं म्हणणं. पहिल्या दोन वर्षांत अशा आठ संघांपैकी तीनच पुढे गेले होते.

मीही काही दिवस हा युक्तिवाद मनात धरून बसलो होतो, कारण त्यात आपल्या संघाचा दोष निघत नाही. मग कागदावर साधं गणित मांडलं. समजा एखादा संघ इतका बलाढ्य आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ६० टक्के आहे. प्लेऑफमधल्या संघांविरुद्ध हे फारच उदार गृहीतक. तरी पाच सामन्यांची मालिका तो फक्त ६८ टक्के वेळा जिंकेल. आणि एक पाच सामन्यांची, दोन सात सामन्यांच्या अशा तीन मालिका ओळीने जिंकून विजेतेपद मिळवणं जेमतेम तीनांत एकदा. म्हणजे पाच दिवसांची विश्रांती नसती तरी मोठे संघ वारंवार हरणारच होते. डॉजर्सनी २०१३ ते २०२३ या अकरा वर्षांत दहादा आपला गट जिंकला आणि विजेतेपद एकच, २०२० चं, साथीमुळे ६० सामन्यांच्या झालेल्या हंगामातलं. पुढे २०२४ मध्ये चाल मिळालेल्या चारपैकी तीन संघ जिंकले आणि तीन वर्षांचा हिशेब बारापैकी सहा असा झाला. विश्रांतीचा मुद्दा तिथेच विरला.

तरीही ६० टक्क्यांच्या जागी पहिल्या चेंडूपासून ४५ टक्के घेऊन उतरलात, तर त्याला नशीब म्हणता येत नाही. खांदा दुखणारा कर्शॉ, नवखा मिलर आणि ४४ होम रनवाला लिन ही ऑक्टोबरची त्रयी आहे हे सप्टेंबरमध्येच कळलेलं होतं. फलंदाजी थिजली हे नशीब. त्रयी अशी होती, हे भोक.

हिवाळ्यातले निर्णय

सगळ्यात सोपा निर्णय होता रॉबर्ट्सना काढण्याचा. लॉस एंजेलिसमध्ये त्याची मागणी होती, आणि लागोपाठ दोन वर्षांनंतर कोणत्याही शहरात ती झाली असती. बेसबॉलची सूत्रं २०१४ पासून सांभाळणारे अँड्र्यू फ्रीडमन यांनी ते केलं नाही. मला हा निर्णय बरोबर वाटतो. २०२२ च्या त्या सातव्या डावात पिचर बदलण्यात चूक झाली असेल, पण २०२३ मध्ये व्यवस्थापकाच्या हातात बदलण्यासारखं होतं तरी काय?

मग पैसा आला, आणि तो कुठे गेला ते पाहण्यासारखं आहे. ९ डिसेंबरला, फलंदाजी आणि पिचिंग दोन्ही करणाऱ्या शोहेई ओतानीने दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. जगाने आकडा पाहिला. क्लबसाठी महत्त्वाचं होतं ते त्याआडचं : ६८ कोटी डॉलर ओतानी करार संपल्यावर, २०३४ ते २०४३ मध्ये घेणार होता. दरवर्षी हातात फक्त २० लाख. त्यामुळे बाकीच्यांसाठी तिजोरी मोकळी राहिली. सप्टेंबरमध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाल्याने ओतानी २०२४ मध्ये पिचिंग करणार नव्हता. त्याचा हात क्लबने पुढच्या ऑक्टोबरांसाठी घेतला होता.

लगेचच्या ऑक्टोबरसाठी दोघे आले. टँपा बेकडून टायलर ग्लासनाउ, पाच वर्षं, १३.६५ कोटी डॉलर. आणि जपानच्या ओरिक्स बफेलोजकडून योशिनोबू यामामोतो, बारा वर्षं, ३२.५ कोटी. अमेरिकेत एकही चेंडू न टाकलेल्या २५ वर्षांच्या पिचरला तोवर कोणत्याही पिचरला मिळालेली सर्वात मोठी रक्कम. यातला धोका उघड होता. ग्लासनाउने एका हंगामात कधी १२० हून अधिक डाव टाकलेले नव्हते. यामामोतो उंचीने लहान, आणि जपानमध्ये पिचर आठवड्यातून एकदाच उतरतो.

इतका पैसा प्रत्येक क्लबकडे नसतो, हे मान्यच. पण पैसा असणं आणि तो नेमका कुठे लावायचा हे कळणं, यात अंतर आहे. आदल्या हिवाळ्यातही हा क्लब श्रीमंतच होता.

पुढे काय झालं

धोका खरा ठरला. यामामोतो जूनपासून सप्टेंबरपर्यंत खांद्याच्या दुखण्याने बाहेर. ग्लासनाउने कारकिर्दीतले सर्वाधिक १३४ डाव टाकले आणि ऑगस्टमध्ये कोपर धरून बसला. कर्शॉच्या पायाचा अंगठा, गॅविन स्टोनचा खांदा. सप्टेंबर २०२४ मध्ये यादी पुन्हा आदल्या वर्षासारखीच दिसू लागली, आणि तेव्हा मी हाच लेख वेगळ्या शेवटाने लिहायला बसलो असतो.

फरक एका जागी होता. ३० जुलैला या वेळी सौदा फसला नाही. डेट्रॉइटहून जॅक फ्लॅहर्टी आला, आणि दुसऱ्या सौद्यात बुलपेनसाठी मायकल कोपेक आणि सोबत टॉमी एडमन. ऑक्टोबरात यामामोतो, फ्लॅहर्टी आणि शस्त्रक्रियेतून परतलेला, पूर्वीचा वेग हरवलेला ब्यूलर, एवढेच तीन स्टार्टर. पहिल्याच मालिकेत पुन्हा पाद्रेस, पुन्हा २-१ ने मागे. चौथ्या सामन्यात स्टार्टरच नव्हता. आठ पिचरांनी मिळून नऊ डाव काढले, ८-० ने. पाचव्यात यामामोतोने पाच डाव एकही धाव दिली नाही, २-०. तिथून संघ थांबला नाही. ३० ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये यांकीजविरुद्ध ५-० ने मागे पडून ७-६ ने जिंकला, आणि शेवटचा डाव टाकायला एका दिवसाच्या विश्रांतीनंतर ब्यूलर उतरला.

म्हणजे २०२४ चं विजेतेपद हा त्या हिवाळ्याच्या योजनेचा सरळ परिणाम नव्हता. योजनेचा अर्धा भाग मोडला होता. फळ मिळालं ते वर्षभरानंतर. ऑक्टोबर २०२५ मध्ये समोर होता मिलवॉकी ब्रुअर्स, त्या हंगामात सगळ्यात जास्त, ९७ सामने जिंकलेला आणि डॉजर्सला सहापैकी सहा वेळा हरवलेला. ब्लेक स्नेल, यामामोतो, ग्लासनाउ आणि आता पुन्हा पिचिंग करणारा ओतानी, या चौघांनी चार सामन्यांत ८६ बाद केले आणि दोन धावा दिल्या. मालिका ४-०. दोन वर्षांपूर्वी डॉजर्स जिथे उभे होते, तिथे आता मिलवॉकी उभं होतं.

आणि कर्शॉ. निवृत्तीची घोषणा त्याने सप्टेंबरमध्येच केली होती. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी टोरंटोविरुद्ध अंतिम मालिकेतला तिसरा सामना लांबत लांबत अठरा डावांपर्यंत गेला. बाराव्या डावात तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, सामना बरोबरीत. सदतीस वर्षांचा कर्शॉ बुलपेनमधून चालत आला. त्याच मैदानावर, जिथे ७ ऑक्टोबर २०२३ ला त्याला एकच बाद करता आला होता. टोरंटोच्या नेथन ल्यूक्सने पाय रोवले, मोजणी तीन बॉल दोन स्ट्राइकवर गेली, म्हणजे आणखी एक बॉल गेला की धाव, आणि मग चेंडू जमिनीवरून सरपटत एडमनकडे आला. एडमनने तो उचलून पहिल्या बेसकडे टाकला. एक बाद. कर्शॉने डॉजर्ससाठी केलेला तो शेवटचा बाद.